स्किन क्लिनिकमध्ये जॉब लागलाय, पण सगळीकडे असंच चालतं का?

वाईची_चिमणी

नमस्कार सगळ्यांना. इथं वाचते नेहमी, लिहितेय पहिल्यांदाच, लांबण लागली तर सांभाळून घ्या. माझं आयटीआयमधून कॉस्मेटॉलॉजी झालंय, मग गावाकडं पार्लरला होते, आता पुण्यात एका स्किन क्लिनिकमध्ये थेरपिस्ट म्हणून लागलेय. पगार पार्लरपेक्षा बरा, एसी, युनिफॉर्म, सगळं चकाचक. ओनर सर डॉक्टर नाहीयेत. डॉक्टर मॅडम मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी येतात, बाकीचे दिवस आम्ही दोघी पोरी, रिसेप्शनिस्ट आणि झाडलोटीच्या मावशी. ट्रेनिंग म्हणजे मशीन कंपनीचा माणूस आला आणि एका दुपारी बटणं दाखवून गेला, झालं.

आता मुद्द्याचं. डर्मापेन म्हणजे बारीक सुया कातडीत टोचणारं पेन, त्याची पुढची सुयांची कार्ट्रिज एकदा वापरली की टाकून द्यायची असं मला वाटत होतं. इथं ती स्पिरिटच्या वाटीत टाकतात, मग त्या निळ्या लाइटच्या यूव्ही पेटीत, आणि मग झिपलॉकच्या पिशवीवर क्लायंटचं नाव लिहून ठेवतात, पुढच्या सिटिंगला तीच. परवा मार्करने लिहिलेली नावं स्पिरिटच्या हाताने पुसली गेली होती तर सिनियर म्हणाली "घे कुठलीही, सगळ्या निर्जंतुकच आहेत गं". मी घेतली नाही, पोट दुखतंय सांगून बाथरूमला गेले आणि तिने केलं ते सिटिंग.

दुसरं म्हणजे लेझर रूमला गॉगल एकच आहे आणि तो जुन्या मशीनबरोबर आलेला. तो क्लायंटला द्यायचा आणि आम्ही नुसतं तोंड फिरवायचं. मला रात्री डोळे चुरचुरतात पण ते एसीनेही असेल. तिसरं, लेझरने केस काढायच्या आधी फुल लेग्सला नंबिंग क्रीम, म्हणजे कातडी बधिर करायचं क्रीम, लावून वरून क्लिंग फिल्म गुंडाळतात आणि तासभर क्लायंट एकटी रूममध्ये मोबाइल बघत पडलेली असते. आणि सुया सगळ्या साध्या डस्टबिनमध्ये, काळी पिशवी. मावशींना मागच्या आठवड्यात पिशवी बांधताना टोचली, त्यांनी हळद लावली.

सरांना विचारलं तर म्हणाले पुण्यात सगळीकडे असंच चालतं, तू नवीन आहेस. ओरिजिनल सर्टिफिकेटं त्यांच्याकडे ठेवलीत, त्यामुळं उठून जायचं म्हटलं तरी पंचाईत. खरंच सगळीकडे असं असतं का? की मीच जास्त विचार करतेय?

हँडपीसवाली

नाही गं बाई, सगळीकडे असं नसतं. मी ठाण्यात आहे, लेझरवरच माझी निम्मी नोकरी गेली. बऱ्याच ठिकाणी असं असतं हे मात्र खरं, ते खोटं कशाला बोलू.

कार्ट्रिजचं आधी बोलते कारण ते वाचून अंगावर काटा आला. ती एकदाच वापरायची वस्तू आहे, त्याच क्लायंटला पुढच्या वेळी पण नाही. सुया एकदा चामडीत हजारदा आत बाहेर झाल्या की टोकं बोथट होतात, वाकतात, मग त्या टोचत नाहीत, ओरबाडतात. चेहऱ्यावर रेल्वेच्या रुळासारखे बारीक समांतर ओरखडे आलेले क्लायंट आमच्याकडे दुसऱ्या क्लिनिकमधून येतात, ते बहुतेक यामुळेच. आणि स्पिरिट वरवर पोचतं, सुईच्या बुडाशी जो प्लास्टिकचा खळगा असतो आणि स्प्रिंग असते तिथं रक्त सुकून बसतं, तिथं काहीही पोचत नाही. अजून एक, तुमचं पेन स्वस्तातलं असेल तर कार्ट्रिजमध्ये मागे पडदा नसतो, मग रक्त आणि सिरम वर पेनच्या तोंडात चढतं. एकदा कार्ट्रिज काढून कोरड्या पांढऱ्या कापसाने पेनचं तोंड आतून पुसून बघ. तपकिरी आलं तर समज. नवीन कार्ट्रिज लावली तरी तेच रक्त खाली यायची भीती.

यूव्ही पेटी म्हणजे निर्जंतुक केलेल्या वस्तू ठेवायची पेटी आहे, ती स्वतः काही निर्जंतुक करत नाही. सगळ्या पार्लरमध्ये हा गैरसमज आहे, निळा लाइट लागला की लोकांना हायजिन वाटतं. ब्लॅकहेड काढायचा कॉमेडोन एक्स्ट्रॅक्टर, फोर्सेप्स असल्या स्टीलच्या वस्तू आधी ब्रशने धुवून, मग पाऊचमध्ये घालून ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या मशीनला, पाऊचवरच्या पट्टीचा रंग बदलला तरच वापरायच्या. तुमच्याकडे ऑटोक्लेव्ह आहे का ते लिहिलंच नाहीस.

मी काय करते सांगू, कार्ट्रिजचं सील क्लायंटच्या समोर फोडते. तिला दाखवते, आवाज येऊ देते, आणि काम झाल्यावर तिच्यासमोरच डब्यात टाकते. कुणाशी भांडावं लागत नाही, आणि एकदा क्लायंटला सवय लागली की मॅनेजमेंटला जुनी वापरताच येत नाही. तू पण हे सुरू कर, गुपचूप.

त्वचावाला_नागपूर

मी डर्मॅटॉलॉजिस्ट, एमडी, नागपूरला प्रॅक्टिस. ताई, तुम्ही जास्त विचार करत नाही आहात, तुमच्या सरांनी थोडा करायला हवा होता.

स्पिरिटवाल्या पद्धतीचं पुढं काय होतं याचं उदाहरण आहे आणि ते चांगलं नोंदवलेलं आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की शहरात एक स्पा होता, व्हॅम्पायर फेशियल करायचे, म्हणजे आपलं पीआरपी (स्वतःच्याच रक्तातून काढलेला प्लाझ्मा) अधिक मायक्रोनीडलिंग, तेच डर्मापेनचं काम. २०१८ मध्ये तिथं गेलेल्या एका बाईला एचआयव्ही निघाला, दुसरं काहीच कारण सापडेना. आरोग्य खात्याची माणसं तपासायला गेली तर किचनच्या ओट्यावर रक्ताच्या नळ्या, नाव नाही लेबल नाही, फ्रिजमध्ये खाण्याच्या वस्तूंशेजारी इंजेक्शनं, ड्रॉवरमध्ये उघड्या सिरिंजा. मशीनची एकदाच वापरायची पुढची टोकं अल्कोहोलमध्ये बुडवून परत वापरत होते. वाफेचा स्टरिलायझर जागेवर नव्हताच. तुमच्या क्लिनिकचं वर्णन आणि हे शेजारी ठेवा. किमान ३ जणींना तिथूनच लागण झाली असावी असा निष्कर्ष २०२४ मध्ये सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, छापला. आणि एचआयव्ही तर लवकर मरणारा व्हायरस. हिपॅटायटिस बी कोरड्या पृष्ठभागावर ७ दिवस जिवंत राहतो, म्हणजे पुढच्या आठवड्याच्या क्लायंटपर्यंत आरामात.

गॉगलबद्दल. कुठल्याही लेझरला कुठलाही गॉगल चालत नाही. काडीवर किंवा काचेवर बारीक अक्षरात नॅनोमीटरचा आकडा आणि पुढं ओडी लिहिलेलं असतं, ओडी म्हणजे त्या तरंगलांबीचा प्रकाश किती अडवतो ते. हेअर रिमूव्हलचं डायोड बहुतेक ८०८ किंवा ८१० चं, अलेक्झांड्राइट ७५५ चं, एनडी याग १०६४ चं. तुमचं जुनं मशीन आयपीएल (लेझर नव्हे, झगझगीत प्रकाशाचं मशीन) असेल आणि नवीन डायोड असेल तर तो गॉगल घातला काय नि नाही घातला काय, दुसऱ्याचा नंबरचा चष्मा घालून गाडी चालवण्यासारखं आहे. यात वाईट हे की ८०८ किंवा १०६४ चा प्रकाश डोळ्याला नीट दिसतच नाही, त्यामुळं पापणी आपसूक मिटत नाही, आणि पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, भाजलं तरी दुखत नाही. कळतं ते समोर काळा ठिपका कायमचा दिसायला लागतो तेव्हा. चुरचुरणं त्याचं लक्षण नव्हे, ते एसीचं असू शकतं, पण नेत्रतज्ज्ञाकडून बाहुल्या मोठ्या करून पडदा एकदा बघून घ्या आणि कागद जपून ठेवा. तोंड फिरवणं हा उपाय नाहीच, कारण रूममध्ये आरसा असेल, स्टीलचा ट्रे असेल, क्लायंटच्या बांगड्या असतील, किरण परत येतो. लेझर रूममध्ये जितकी माणसं तितके गॉगल, आणि ट्रीटमेंट चालू असताना दार आतून बंद.

नंबिंग क्रीमचं मला सगळ्यात जास्त टेन्शन आलं. छोट्या जागेवर ठीक आहे. अमेरिकेत दोन तरुणींनी लेझर हेअर रिमूव्हलच्या आधी पायांना कडक लिडोकेनवालं, म्हणजे बधिर करायच्या औषधाचं, मलम चोपडून वर प्लास्टिक गुंडाळलं होतं, रस्त्यातच फिट आली, कोमात गेल्या, दोघीही वारल्या. २००७ मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे औषध प्रशासनाने, यावर जाहीर इशारा काढला. दोन पाय म्हणजे शरीराचं केवढं क्षेत्रफळ बघा, प्लास्टिकने झाकलं की शोषण वाढतं, आधी रेझर फिरवला असला की अजून वाढतं. जीभ जड होणं, तोंडाभोवती मुंग्या, कानात गुंई आवाज, बडबड, ही सुरुवात असते. एकटी बाई मोबाइल बघत पडलेली असताना हे कोण बघणार? हेअर रिमूव्हलला पूर्ण पायाला नंबिंगची मुळात गरजही नसते, मशीनचं कूलिंग नीट चालत असेल तर सोसवतं. कूलिंग नीट चालत नाही म्हणून क्रीम लावतात असं तर नाही ना, ते बघा.

क्लिनिक_चालवतो

डॉक्टर साहेब तुमचं सगळं बरोबर, पण दुसरी बाजू पण ऐका. मी क्लिनिक चालवतो, डॉक्टर नाही, डॉक्टर पार्टनर आहे. शेजारच्या गल्लीत फुल बॉडी लेझर ९,९९९ ला देतात, सहा सिटिंग. त्यात भाडं, ईएमआय, स्टाफ, इन्स्टावरच्या जाहिराती. क्लायंट येते आणि पहिलं विचारते "अजून काही कमी?" कधीतरी कुणी विचारलंय का की तुमचा ऑटोक्लेव्ह दाखवा? मी कार्ट्रिज परत वापरत नाही हे आधी सांगतो, आमच्याकडे ती बिलात वेगळी लावतो. तर त्यावरून पण रिव्ह्यूत एक स्टार मिळालाय, "हिडन चार्जेस" म्हणून.

आणि आम्ही बिगर डॉक्टर म्हणजे लगेच चोर असं पण नाही.

हँडपीसवाली

चोर कुणी नाही म्हटलं हो. पण शंभर दोनशे रुपयांच्या कार्ट्रिजसाठी कुणाला कावीळ द्यायची का, एवढंच आहे. पॅकेजच्या किमतीत आधीच धरा आणि बोर्ड लावा की प्रत्येक वेळी नवीन, तीच जाहिरात. बाकी ९,९९९ वाल्याचं म्हणाल तर तो सिटिंगला वेळ किती देतो बघा, वीस मिनिटांत फुल बॉडी उरकायची म्हणजे हँडपीस, लेझरचा हातात धरायचा भाग, इस्त्रीगत पळवायचा, कुठं दोनदा बसतं कुठं बसतच नाही.

त्वचावाला_नागपूर

@क्लिनिक_चालवतो तुमची अडचण खरी आहे. पण एक विचारतो, तुमचे डॉक्टर पार्टनर लेझर चालू असताना जागेवर असतात का? बोर्डावरच्या नावाने काही होत नाही. आमच्याकडे येणारे भाजलेले पेशंट बहुतेक डॉक्टर नसतानाचेच असतात.

आपली कातडी फिट्झपॅट्रिक स्केलवर, म्हणजे गोऱ्यापासून काळ्यापर्यंत कातडीचे सहा प्रकार पाडतात त्यात, बहुतेकांची चौथ्या पाचव्या प्रकारची, म्हणजे वरच्या थरातच मेलॅनिन भरपूर. लेझर केसाच्या मुळातलं मेलॅनिन शोधायला जातो आणि वाटेत कातडीतलंच सापडतं, ते तापतं. गोऱ्या कातडीसाठी लिहिलेले मशीनवरचे प्रीसेट इथं तसेच लावले की चौकोनी किंवा गोल, टिपच्या आकाराचे डाग उठतात. सावळ्या कातडीला १०६४ चं याग जास्त सुरक्षित, कारण ते मेलॅनिनला कमी पकडतं आणि खोल जातं. डायोडही चालतं पण लांब पल्स, कमी एनर्जी आणि चांगलं कूलिंग हवं. आणि आधी टेस्ट पॅच, लपणाऱ्या जागी, आणि एक दोन दिवस थांबून मग पुढं. आपल्याकडे टेस्ट पॅच म्हणजे वेळ वाया असं मानतात.

एनएमसीने, म्हणजे नॅशनल मेडिकल कमिशनने, २०२२ मध्ये एस्थेटिक प्रोसिजर आणि हेअर ट्रान्सप्लांटबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या, त्यात स्पष्ट म्हटलंय की वर्कशॉप बघून किंवा युट्यूब बघून ट्रेनिंग होत नाही. ते डॉक्टरांना उद्देशून आहे! मग कंपनीच्या माणसाने एका दुपारी बटणं दाखवली त्याला काय म्हणायचं.

सिस्टर_मिरज

सगळे लेझरवर बोलताहेत, मावशींचं कुणी बोलेना. ज्यांना सुई टोचली त्यांचं काय झालं?? मी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, रोज हेच बघते, डॉक्टर लोकांना टोचलं की धावपळ, मावशींना टोचलं की हळद.

चिमणी, नीट वाच. टोचल्यावर लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, दाबून रक्त काढायचं नाही, तोंडात बोट घालायचं नाही, स्पिरिट डेटॉल ओतायचं नाही. मग सरकारी हॉस्पिटल, कॅज्युअल्टी किंवा एआरटी सेंटर, म्हणजे एचआयव्हीची औषधं देतात ते केंद्र. तिथं पीईपीच्या, म्हणजे एचआयव्हीची लागण टाळायच्या, गोळ्या मिळतात, फुकट, २ तासांत सुरू झालं तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि २८ दिवसांचा कोर्स पुरा करायचा. मावशींचे ७२ तास गेले, म्हणून सोडून द्यायचं नाही. रक्त तपासून घ्या, एचआयव्ही, एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी), एचसीव्ही (हिपॅटायटिस सी), आणि सांगतील तसं पुन्हा ठराविक दिवसांनी. घाबरवत नाही, एचआयव्हीची रिस्क अशा टोचण्यात हजारात ३ च्या आसपास असते, आणि तीही त्या पेशंटला असेल तरच. पण हिपॅटायटिस बीची त्याहून कितीतरी जास्त असते, लस घेतलेली नसेल तर. मावशींनी लस घेतलीय का? तू घेतलीयेस का? तीन डोस असतात, आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. ही कुणी देईल म्हणून वाट बघू नकोस, जाऊन घे.

आणि काळ्या पिशवीत सुया टाकणं हा सरळसरळ कायदाभंग आहे. २०१६ चे बायोमेडिकल वेस्टचे नियम एका खोलीच्या क्लिनिकलाही लागू आहेत, बेड असोत नसोत. सुया, ब्लेड, तुझ्या त्या कार्ट्रिजा हे सगळं पांढऱ्या कडक डब्यात, जो भोसकला जात नाही. रक्ताचा कापूस, गॉज पिवळ्या पिशवीत. ग्लोव्हज आणि सुई काढलेल्या सिरिंजा लाल पिशवीत. काचेच्या व्हायल निळ्यात. सुईला टोपण परत लावायचं नाही, टोपण लावतानाही बरेचदा टोचतं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची ऑथरायझेशन लागते आणि गाडी येऊन कचरा नेते, बारकोडच्या पिशव्यांतून. तुमच्या क्लिनिकला ती गाडी येते का? येत नसेल तर तुमचा सगळा रक्ताचा कचरा घंटागाडीत चाललाय, आणि पुढं तो कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बायकांच्या बोटात.

वाईची_चिमणी

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. सिस्टर, तुमचं वाचून मावशींना काल सुट्टी काढायला लावून ससूनला नेलं. पहिले रिपोर्ट निगेटिव्ह आलेत, परत बोलावलंय. त्यांना लस कधीच दिलेली नव्हती, पहिला डोस झाला. मी पण घेतला.

पेनचं तोंड पुसून बघितलं हँडपीसवाली ताई. तपकिरी आलं. फोटो काढून ठेवलाय.

ऑटोक्लेव्ह आहे, पण त्यावर फेस टॉवेलांची थप्पी ठेवलेली असते, आल्यापासून चालू बघितलेला नाही. गॉगलच्या काडीवर आकडे घासलेत, नीट दिसत नाहीत, ५३२ असं काहीतरी आहे. कचऱ्याची गाडी येत नाही.

सरांशी बोलले मी. आधी चिडले, मग म्हणाले कार्ट्रिज मागवू. आणि लगेच म्हणाले की तू कन्सेंट फॉर्मवर "ऑपरेटर" म्हणून सही करत जा, मॅडमची सही नंतर घेऊ. ही सही करू का?

वकील_नाही_पण

वकील नाही, पण ग्राहक मंचाच्या केसेसमध्ये फेऱ्या मारून मारून अर्धा झालोय, म्हणून हे नाव.

ज्या दिवशी मॅडम नसतील त्या दिवशीच्या फॉर्मवर मॅडमची सही मागाहून घेणं म्हणजे खोटा कागद, आणि त्यात तुमचं नाव असणार. सही करायचीच तर तुम्ही जे केलंत तेवढ्याचीच करा, तारीख, वेळ, मशीनवर किती एनर्जी लावली होती, आणि त्याखाली "डॉक्टर हजर नव्हते" हे स्वतःच्या अक्षरात. बघा मग ते सही करायला सांगतात का परत. उद्या कुणी भाजलं तर पहिला प्रश्न हाच असतो की हँडपीस कुणाच्या हातात होता. एक वही ठेवा घरी, क्लायंटचं नाव नको, फक्त तारीख आणि तुम्हाला काय सांगितलं गेलं. सरांना जे सांगायचं ते व्हॉट्सॲपवर पण लिहा, साध्या भाषेत, "सर गॉगल एकच आहे, दुसरा मागवा ना". तोंडी बोललेलं हवेत जातं.

ओरिजिनल सर्टिफिकेटं अडकवून ठेवायचा त्यांना काही हक्क नाही. आधी लेखी मागा, "पुढच्या कोर्सच्या ॲडमिशनला हवीत" असं म्हणून. नाही दिली तर कामगार आयुक्त कार्यालय किंवा पोलिसांत अर्ज, बहुतेक वेळा अर्ज टाईप करून दाखवला तरी कागद बाहेर येतात.

तक्रारीचं म्हणाल तर महाराष्ट्रात एक पोकळी आहे. नर्सिंग होमचा १९४९ चा कायदा बेड असलेल्या ठिकाणांसाठी, केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आपल्या राज्याने घेतलेला नाही, म्हणजे बिनबेडाच्या स्किन क्लिनिकची अशी खास नोंदणी कुठं करून घेत नाहीत. म्हणून तुकड्या तुकड्याने जावं लागतं. कचऱ्यासाठी प्रदूषण मंडळ, डॉक्टरसाठी ज्या कौन्सिलची नोंदणी असेल ती कौन्सिल, औषधं आणि क्रीमसाठी आपल्या राज्याची एफडीए. यातलं कचऱ्याचं सगळ्यात पटकन हलतं असा माझा अनुभव, कारण तिथं वाद घालायला जागा नसते, पिशवी काळी आहे की पिवळी आहे.

लीड्सकर

मध्येच टपकतोय. इंग्लंडमध्ये सगळं कडक असेल असं तिकडे वाटतं, पण नाही हो. इथं बोटॉक्स किंवा फिलर (ओठ, गाल भरायचं इंजेक्शन) टोचायला नर्स डॉक्टर असायलाच हवं असा नियम इंग्लंडभर नाही. २०२२ च्या कायद्याने लायसन्स आणायचे अधिकार सरकारने घेतले, नियम मात्र रखडलेत. १८ वर्षांखालच्यांना कॉस्मेटिक बोटॉक्स आणि फिलर बंद केले ते तेवढं ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालं. माझ्या बायकोने इथं फिलर करायच्या आधी एकच प्रश्न विचारला, "हायल्युरोनिडेज आहे का फ्रिजमध्ये?" समोरची म्हणाली ते काय असतं. बायको पर्स उचलून बाहेर.

त्वचावाला_नागपूर

वहिनींना माझा नमस्कार सांगा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हायल्युरोनिक ॲसिडचं फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर ते विरघळवायचं औषध आहे ते. कातडी पांढरी पडली, जाळीदार निळसर झाली, प्रमाणाबाहेर दुखायला लागलं तर घड्याळ सुरू झालं असं समजायचं, क्वचित दृष्टीही जाते. जिथं हे औषध नाही तिथं फिलर टोचायचंच नाही. तसंच ॲड्रिनॅलिन, कुठलंही इंजेक्शन देणाऱ्या ठिकाणी हाताशी पाहिजे, आणि एक्स्पायरी बघितलेलं.

ताई, ५३२ चा गॉगल असेल तर तो हिरव्या किरणाचा, टॅटू आणि डाग काढायच्या मशीनचा. तुमच्या डायोडला त्याचा उपयोग नाही. नवीन येईपर्यंत तुम्ही मशीनला हात लावू नका, "डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणा, माझं नाव पुढं करा हवं तर, नागपूरचा एक माणूस म्हणून. आणि ते तपकिरी निघालेलं पेन वापरातून बाहेर काढायचं, पुसून चालणार नाही, आतली मोटर उघडून साफ होत नाही. ज्यांना त्या कार्ट्रिजा लागल्या त्या क्लायंटना तपासणी करून घ्या असं सांगण्याची जबाबदारी डॉक्टर मॅडमची आहे. त्यांना हे सगळं माहीत आहे का? आठवड्यात दोन संध्याकाळी येणाऱ्या माणसाला कदाचित पिशव्यांचं माहीतही नसेल. सरांना बाजूला ठेवून त्यांच्याशी एकदा बोला, फोटोसकट. रजिस्ट्रेशन त्यांचं पणाला लागलंय.

वाईची_चिमणी

मॅडमशी बोलले शनिवारी. फोटो बघून गप्पच झाल्या, मग स्वतः जाऊन झिपलॉकच्या सगळ्या पिशव्या एका डब्यात भरून सील केल्या आणि पेन कपाटात कुलपात ठेवलं. सरांशी त्यांचं आत बराच वेळ चाललं होतं, आम्हाला ऐकू येत नव्हतं. पीआरपी आणि डर्मापेन सध्या बंद केलंय. आधीच्या क्लायंटना फोन त्या स्वतः करणार म्हणाल्यात, यादी काढायला मला सांगितलंय. गॉगल दोन मागवलेत, अजून आले नाहीत, तोवर मी फक्त क्लीनअप आणि फेशियल करतेय. सर्टिफिकेटं मागितलीत, "बघू" म्हणालेत.

एक शेवटचं विचारते. एक क्लायंट आहे, लग्न आहे तिचं, तिला दोन भुवयांच्या मधले आणि भुवयांखालचे केस लेझरने कायमचे काढून हवेत, गॉगल आला की करून देशील ना म्हणते. सिनियर म्हणते गॉगल वर सरकवायचा आणि बोटाने पापणी ताणून धरायची. करतात का असं?

हँडपीसवाली

नाही करायचं. भुवयांच्या मधलं, नाकाच्या वर, तेवढं होतं, डोळे पूर्ण झाकून आणि हात बसलेला असेल तर. भुवईच्या खाली, म्हणजे डोळ्याच्या खोबणीच्या हाडाच्या आत, अजिबात नाही. पापणी पातळ असते, किरण आरपार जातो आणि बुब्बुळाचा रंग म्हणजे तेच मेलॅनिन, त्याला पकडतो, बाहुली वेडीवाकडी होऊन बसते, काहींना मग उजेडच सहन होत नाही. तिला सांग थ्रेडिंग कर, लग्नाच्या दोन दिवस आधी, आणि तुझ्या सिनियरला म्हणावं ताणून धरायचं तर स्वतःची पापणी धर.

सिस्टर_मिरज

आणि लसीचा दुसरा डोस विसरू नका दोघी, मोबाइलमध्ये तारीख टाकून ठेव. तिसरा झाला की महिना दोन महिन्यांनी अँटी एचबीएस, म्हणजे लस लागू पडली का ते बघायची रक्ततपासणी, करून घ्या, १० च्या वर आला म्हणजे लागू पडली. मावशींचा पण कर, त्यांना कुणी सांगणार नाही.